सूर्य कुठे आहे ते आधी बघ

संस्थेत त्यांना सगळे सूर्यराव म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलं होतं.

आकाशात खेकडा नावाचा एक तेजोमेघ आहे. फुटलेल्या ताऱ्याचा पसारा म्हणा ना. मधोमध त्या ताऱ्याचा उरलेला गोळा, पल्सार, सेकंदाला तीस गिरक्या घेतोय. अधूनमधून या मेघाला काय होतं कोण जाणे, तो गॅमा किरणांचा भडका उडवतो आणि काही दिवसांत पुन्हा साळसूद होऊन बसतो. गेल्या वर्षी उपग्रहाच्या आलेखात असा भडका दिसला आणि सूर्यरावांनी जगभरच्या वेधशाळांना इशारा धाडला, की ताबडतोब दुर्बिणी वळवा. एका वेधशाळेने अदबीने उलट कळवलं, की वळवतो, पण तिथे सध्या सूर्य आहे. दर वर्षी सूर्य खेकड्याच्या जवळून जातो, त्याचेही गॅमा किरण येतात, आणि या धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. सूर्यरावांच्या नजरेतून नेमकी सूर्याएवढी वस्तू निसटली होती.

तेव्हापासून संचालकांचा नियम असा, की सूर्यरावांचा इशारा दुसऱ्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही. संस्थेत खेकड्यातलं कळणारं दुसरं माणूस एकच, ते म्हणजे त्यांची बायको. ती त्याच खोलीत, त्यांच्या पाठीला पाठ लावून बसत असे. आणि या आठवड्यात तिने अबोला धरला होता.

निमित्त खुर्चीवरच्या ओल्या टॉवेलचं. ती एकदम कडाडली, तेव्हा सूर्यरावांनी मुकाट्याने टॉवेल उचलायचा, तर तिला कारणमीमांसा ऐकवली. खेकड्यात चुंबकीय रेषा पिळत जातात, ताण साठतो, एक दिवस त्या तुटून नव्याने जुळतात आणि साठलेलं सगळं एका दमात बाहेर पडतं, तसं तुझं झालंय. ही त्यांची लाडकी उपपत्ती. तिची वेगळी होती. तिच्या मते खेकड्यातला एक झगझगीत पुंजका सदा तळपतच असतो. त्याचा झोत आपल्याकडे वळला की आपल्याला भडका वाटतो. "मी रोजच इतकी चिडलेली असते," ती म्हणाली होती. "आज फक्त तू समोर आलास." त्यानंतर शब्द नाही.

आज दुपारी आलेख पुन्हा चढला. सूर्यरावांनी सूर्याची जागा तपासली. खेकड्याच्या थेट विरुद्ध बाजूला. पुन्हा तपासली. मग खिडकीशी जाऊन सूर्य प्रत्यक्ष बघून आले. भडका खरा होता. तो ओसरायच्या आत इशारा गेला नाही तर कोणाचीच दुर्बीण वळणार नव्हती, आणि सूर्यराव जन्मभर फक्त सूर्यरावच राहणार होते.

पण आधी बोलायचं कोणी? त्यांनी घरी सासूबाईंना फोन लावला.

"आई, तुमच्या लेकीला फोन करून सांगा, खेकडा भडकलाय."

"कुणावर?"

"कुणावर नाही हो. तिची सही हवीय."

"ती कुठेय?"

"माझ्या मागे."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

पाठीमागे फोन वाजला. बायकोने तो शांतपणे ऐकला. "त्याला म्हणावं, सूर्य कुठे आहे ते आधी बघ," ती म्हणाली आणि फोन ठेवला. सासूबाईंनी हा निरोप इमानेइतबारे सूर्यरावांना पोचवला. वर म्हणाल्या, "जावईबापू, माझी डाळ करपतेय. आता तुमचं तुम्ही बघा."

सूर्यरावांनी खुर्ची वळवली. "पार पलीकडे आहे. तीनदा बघितलं."

"मी चारदा," ती म्हणाली. तिच्याही पडद्यावर तोच आलेख होता.

पुढचं सोपं व्हायला हवं होतं. पण इशाऱ्यात 'संभाव्य कारण' असा एक रकाना असतो. त्यांनी तुटलेल्या रेषा लिहिल्या, तिने खोडून पुंजका लिहिला. त्यांनी पुंजका खोडला. दोघांचे आवाज इतके चढले, की शेजारच्या खोलीतून कोणीतरी दार लावून घेतलं. आलेख चढायचा थांबला होता.

"टॉवेलचं नक्की काय झालं होतं?" सूर्यरावांनी अचानक विचारलं.

ती विचारात पडली. "खरं सांगू? मलाही कळलं नाही."

"मग हेच लिही."

तिने रकान्यात लिहिलं, 'कारण माहीत नाही'. सही केली आणि इशारा पाठवूनही दिला. सूर्यरावांनी पडद्यावर पाहिलं. त्यांच्या क्षेत्रात पहिल्या नावासाठी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि तिने पहिलं नाव त्यांचं घातलं होतं. टोपणनाव नव्हे, खरं, पूर्ण नाव. त्यांना भरून आलं.

"माझं का आधी?"

"चुकलं तर शिव्या पहिल्या नावाला पडतात," ती म्हणाली आणि पाठ फिरवून कामाला लागली.

पहिलं उत्तर गेल्या वर्षीच्या त्याच वेधशाळेकडून आलं. दुर्बीण वळवली आहे, भडका दिसतो आहे, आणि या खेपेस सूर्य वाटेत नाही. सूर्यरावांनी ते मोठ्याने वाचलं. मग त्यांनी वळून पाहिलं. ती तोंडावर हात दाबून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.