दाबून बसलेलं बटण

माझ्या थोरल्याची दोन बोटं पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली गेली. मालक म्हणाला, भरपाई विमा कंपनी देईल. विमा कंपनी म्हणाली, पोराची बेपर्वाई असेल तर काही मिळणार नाही. म्हणजे बोटं आमची, चूकही आमची. हात वर करायला हे दोघं मोकळे, आणि दोघांचेही हात शाबूत.

चौकशीला विम्याचा साहेब येणार म्हटल्यावर मीही पोराबरोबर गेले. माझ्या पोटचा असून पोरगा मुखदुर्बळ. बापावर गेलाय.

त्या मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात मधे राहायला नको. पण त्यात वेळ जातो. म्हणून तिथे सगळेच डावं बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने दाबून बांधतात. डाव्या हाताने पत्रा सारायचा, उजव्याने बटण हाणायचं. पट्ट्या मालकच कापून देतो. कारखान्यातल्या मांजरालाही हे ठाऊक आहे.

साहेब आला. शर्टाला इस्त्री अशी, की खुर्चीत बसायला बिचकत होता. पट्टी अर्थातच गायब.

"कसली पट्टी?" मालक म्हणाला. "यानेच कधी बांधली असेल. मावशी, तुम्हाला मशीनमधलं काय कळतं?"

"मशीनमधलं नाही कळत. थापा कळतात. तुमच्यासारखी तिघं वाढवलीत मी."

साहेबाने हसू गिळलं. "जरा चालवून दाखवता?"

मालकाने बाह्या सरसावल्या. "बघा, एका हाताने चालतच नाही," म्हणत त्याने ऐटीत उजवं बटण दाबलं.

धाडकन ठोकळा खाली. मालक दचकून मागे, डब्यांच्या झाकणांच्या ढिगात.

साहेब वाकून बघू लागला. वर्षानुवर्षं पट्टीखाली दबलेलं डावं बटण आतच रुतलं होतं. पट्टी काढली तरी वर आलं नव्हतं. बिचाऱ्याला वर यायची सवयच राहिली नव्हती. शेजारच्या मशीनवर तीच गत.

"हे एकट्याचं काम नाही," साहेब म्हणाला.

मालक अंग झटकत उठला. "बरं, मग द्या ना भरपाई! हप्ते कशाला भरतो मी?"

"बटणं बांधायला नाही भरत. अटी तुम्ही मोडल्या, पैसे तुम्हीच द्या."

जुंपली दोघांची. थोरला माझ्या कानाशी लागला, "आई, चल. हे काही देत नाहीत."

मी स्टूल ओढलं आणि त्या मशीनसमोर ठाण मांडून बसले.

"भांडा सावकाश," मी म्हटलं. "पण आधी लिहा, पोराची चूक नव्हती. भरपाई त्याच्या हातात ठेवा, मग कुणाचा खिसा फाटायचा ते तुमचं तुम्ही बघा. बोटं तुटताना मशीन विचारत बसलं नव्हतं, आधी कोण म्हणून."

साहेबाने चष्मा पुसला. "बाई बरोबर बोलतायत. कामगाराला आमच्या भांडणात लटकवता येत नाही. भरपाई आम्ही देऊ आणि तुमच्याकडून वसूल करू. चूक कारखान्याची, असं लिहितो. करा सही."

मालकाने पेन घेतलं. डावा हात खिशात घातला.

"दोन्ही हातांनी करा," मी म्हटलं. "धोका नसतो."

बोटं गेल्यापासून पहिल्यांदाच थोरला हसला. फिस्सकन. बापासारखाच.