चेपू नये म्हणून जपलेली वाटी

मित्रांनो, मी एक जुनी वाटी आहे. स्टीलची, जाड बुडाची, दोन कानांची. माझी गोष्ट गोड नाही, पण मन घट्ट करून ऐका.

भांड्यांच्या कारखान्यात एका कारागिराने मला घडवलं. त्याच्या बहिणीला मुलगी झाली होती. कोवळ्या ओठांना लागू नये म्हणून त्याने माझी कड घासून घासून गोल केली. "भाचीने यातच जेवायचं," असं म्हणत त्याने मला बहिणीच्या हातात ठेवलं. तिचे डोळे भरून आले. भावाच्या हातची वस्तू, ती पोराबाळांत चेपायला कशी द्यायची? तिने मला काचेच्या कपाटात ठेवून दिलं.

तिथून मला स्वयंपाकघर दिसे. मुलगी रांगू लागली, चालू लागली, पण दोन वर्षांची झाली तरी अंगाने एवढीशीच. सगळे तिला पिटुकली म्हणत. दोन थोरले दादा आणि ती, तिघांत एकच मोठं ताट. दादांचे हात भराभर चालत. त्यांचा तरी काय दोष, त्यांनाही भूक होतीच. पिटुकली एक शीत उचलायची, बोटावर धरून निरखायची, मग तोंडात घालायची. तोवर ताट लख्ख. आईला रिकामं ताट दिसे आणि वाटे, लेकरं जेवली. मधेच पिटुकली रडली की चहात बुडवलेलं बिस्किट मिळे. त्याने रडं थांबे आणि भूकही मरे.

एकदा मामा आला. मला पाहून म्हणाला, "अजून नवीच दिसते गं!"

"जपलीय. ओरखडासुद्धा नाही," आई म्हणाली.

मामा खुलला. त्याने भाचीला उचललं. "अरे, ही तर कापसाची आहे!" सगळे हसले. त्या दिवशी माझी चकाकी सगळ्यांनी पाहिली. तिचा वाळलेला दंड कोणी पाहिला नाही.

मग साधा खोकला आला आणि ताप घेऊन बसला. घरोघर फिरणारी नर्सबाई आली. तिने पिटुकलीचा दंड दोन बोटांत धरला आणि ती गंभीर झाली.

"काय खाते ही?"

"सगळं खाते. भावांबरोबर जेवते."

"त्यातलं हिच्या पोटात किती जातं?"

आई गोंधळली. "पाखरासारखं खाते हो आमची."

"पाखरं दिवसभर खातात, ताई. मुठीएवढं पोट हे. थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. आणि तिच्या वेगळ्या वाटीत, म्हणजे किती खाल्लं ते कळतं. पण ते नंतर. आधी हिला दवाखान्यात न्या, आत्ताच."

आईने कपाट उघडलं आणि मला तसंच पिशवीत टाकलं. दवाखान्यात माझ्यात पहिल्यांदा काही पडलं. तिथलंच पातळ दूध होतं, चमच्याने पाजायचं.

"घे गं बाळा. बघ, मामाची वाटी."

पिटुकलीने माझा कान धरला. दोन चमचे गिळले. तिसरा ओठांच्या कोपऱ्यातून ओघळला. मित्रांनो, भुकेला फार दिवस कोणी ओ दिली नाही, की तीही हाका मारायची थांबते. दुपारपर्यंत माझ्या कानावरची बोटं सुटली. देवाने तिला आपल्या पंगतीला बोलावलं असेल. तिथे तरी तिचं पान वेगळं मांडलेलं असो.

पुढे शेजारच्या घरातलं बाळ घास घेऊ लागलं. आईने मला तिकडे नेलं.

"अगं, भावाच्या हातची ना ही? राहू दे, चेपेल," शेजारीण म्हणाली.

"चेपू दे. आपटू दे, चावू दे त्याला. कपाटात तेवढी ठेवू नकोस. आणि ते खातं तेव्हा समोर बस. वाटीत काय उरलं ते बघत जा."

एवढं बोलून ती उंबऱ्यावरूनच परत फिरली.

मित्रांनो, तुमच्या घरी धाकटं भावंड असेल, तर आज जेवताना ताटाकडे नको, त्याच्या तोंडाकडे पाहा. त्याच्यासाठी एक वाटी वेगळी मांडा, कसलीही चालेल. तुमचं पोट भरलं तरी लगेच उठू नका. धाकटी हळू खातात. त्यांच्यासाठी थांबा.