नासक्या बटाट्यातला मी आणि टुसीची सुई

मित्रांनो, मला तुम्ही पाहिलेलं नाही, पण माझा वास नक्की घेतलाय. टोपलीच्या तळाशी एखादा बटाटा मऊ पडतो, पाणी सोडतो आणि आई नाक मुरडते. तो नासवणारा मी. मी एक जुना, बदनाम जिवाणू आहे.

आमच्या बंगालातल्या हुगळीकडे बटाट्यावर घरं चालतात, त्यामुळे मला शिव्याही भरपूर. सगळ्यांत जास्त ननीबालाच्या. ही म्हातारी तारकेश्वरजवळच्या शीतगृहात बटाटे निवडते. "मेल्या, एकटा जात नाहीस, अख्खं पोतं घेऊन जातोस," म्हणत ती मला खड्ड्यात भिरकावायची. वाईट वाटायचं, पण तिचं खोटं नव्हतं.

माझ्या काही भाऊबंदांना मात्र शहाण्या माणसांनी काचेच्या भांड्यांत वाढवलं. आम्ही एकाचे दोन, दोनाचे चार होतो, तेव्हा तेही मीच म्हणा. त्यांच्यापासून एक विकर, म्हणजे एन्झाइम, काढलं. रक्ताच्या एका कर्करोगातल्या पेशींना लागणारं एक पोषक द्रव्य त्यांना स्वतःला पुरेसं बनवता येत नाही. त्या ते रक्तातून घेतात. आमचं विकर रक्तातलं ते द्रव्यच संपवतं आणि त्या पेशी उपाशी मरतात. हे काम एरवी दुसऱ्याच एका जिवाणूचं विकर करतं. ते एखाद्या मुलाला सोसलं नाही, की आमची आठवण होते. आम्ही बदली कामगार.

ननीबालाची नात टुसी सात वर्षांची. तिला हाच आजार झाला. कोलकात्याच्या इस्पितळात पहिलं औषध चांगलं लागू पडत होतं. मग एके दिवशी सुई टोचल्यावर तिच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. डॉक्टर सुदेष्णादीदींनी ते औषध बंद करून बदली औषध मागवलं. ननीबाला अडून बसली.

"बदली माल मला सांगू नका, दीदी. वर चांगले, खाली नासके, जन्मभर हेच बघतेय मी. कशापासून करतात हे?"

दीदी आजीशी खोटं बोलल्या नाहीत. "बटाटा नासवणाऱ्या जिवाणूपासून, ठाकुमा. जिवाणू नाही देत आपण. त्याचं विकर तेवढं, शुद्ध करून."

"ज्याला जन्मभर फेकलं, तो नातीच्या अंगात घालू?"

माझी मलाच लाज वाटली.

"नाही घेतलं तर?" टुसीनं विचारलं.

"तर आजार परत यायची भीती वाढते," दीदी म्हणाल्या.

टुसी आजीकडे वळली. "ठाम्मा, तूच म्हणतेस ना तो अख्खं पोतं खातो? मग माझ्यातलं नासकं खाऊ दे की त्याला."

म्हातारीनं स्वतःच टुसीचा हात धरून पुढे केला.

आमचं विकर रक्तात फार टिकत नाही, म्हणून सुया जास्त. टुसी रडायची, तरी एकही चुकवली नाही. आता तिचे केस परत आलेत, तपासण्या चालू आहेत.

मित्रांनो, औषध घेताना खाज सुटली, दम लागला, तर लपवू नका, लगेच सांगा. आणि बदली आलेल्याला आधीच नासका ठरवू नका, एवढीच विनवणी.

परवा पोत्यात मी पुन्हा ननीबालाच्या हाताला लागलो. तिनं मला फेकलंच. फेकायलाच हवं, पोतं गेलं असतं. फक्त या वेळी शिवी दिली नाही.

"जा बाबा," म्हणाली.