पांढऱ्या दोऱ्याची जुडी

खरं तर ती एकट्या नणंदेची वहिनी. पण नणंद दिवसातून पन्नास वेळा दुकानभर हाका मारायची, त्यामुळे गिऱ्हाईकं, वरच्या मजल्यावरचा शिंपी, टपाल आणणारी बाई, सगळ्यांचीच ती वहिनी होऊन बसली होती. धंदा केसांच्या टोपांचा. पुढे काउंटरवर नणंद, मागच्या खोलीत वहिनी. एकीची जीभ चालायची आणि दुसरीची बोटं, ही वाटणी वीस वर्षांपूर्वी झाली होती आणि दोघींना मानवली होती.

टोपाचं काम किचकट. मापाच्या जाळीवर बारीक आकडीने एकेक केस ओढायचा आणि गाठ मारायची. एका टोपात महिना सहज जातो. पण त्याआधी केस पारखावे लागतात, आणि तिथे वहिनीचा हात धरणारं कोणी नव्हतं. विकत घेतलेल्या केसांच्या जुड्या टेबलावर आल्या की ती डोळे मिटून घ्यायची. चकाकी काय, तेलानेही येते, आणि डोळे तेवढ्यावर भुलतात, असं तिचं म्हणणं. जुडी अंगठा आणि तर्जनीत धरून मुळाकडून टोकाकडे न्यायची आणि निकाल द्यायचा. पास झाली तर उजवीकडे. नापास झाली तर पांढरा दोरा बांधून डावीकडे. दिलेला निकाल फिरवायचा नाही, हा मागच्या खोलीचा कायदा. एकदा नणंदेने पांढऱ्या दोऱ्याची जुडी गुपचूप कामाला काढली, तर वहिनीने दोन दिवस अबोला धरला होता.

अशा या वहिनीच्या टाळूवर तिच्याच हातचा छोटा टोप होता. भांग रुंद व्हायला लागला तेव्हा तिने तळहाताएवढी जाळी बेतली. पुढे दर वर्षी नवी, बोटभर मोठी. काम इतकं बेमालूम की बायका तिच्याच डोक्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "अगदी असे केस हवेत." नणंद गालातल्या गालात हसायची.

गेल्या वर्षी ते हसणं थांबलं. वहिनीची कंबर सुटली होती, मानेवर काळसर पट्टा उठला होता. पाण्याची बाटली दुपारपर्यंत दोनदा रिकामी व्हायची आणि जेवणानंतर खुर्चीतच मान कलायची. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायची चिठ्ठी दिली होती. ती आकड्यांच्या डबीखाली वर्षभर पडून होती.

"वहिनी, त्या चिठ्ठीला आता पाय फुटतील," नणंद म्हणायची.

"हातातला टोप होऊ दे, मग बघू."

"सुईत दोरा ओवायला तुला तीनदा थुंकी लावावी लागते हल्ली."

"दिव्यात दमच नाही, वन्सं. बदला तो."

दिवा तीनदा बदलून झाला होता. वहिनीला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. तिच्या आईची साखर उशिरा कळली आणि डोळे गेले. शेवटची सात वर्षं म्हातारी भिंतीला हात लावत घरात फिरली. वहिनीने ती भिंत रोज पुसली होती. तपासलं नाही तोवर आपल्याला काही झालेलं नाही, असा तिने स्वतःशीच सौदा केला होता. डोळे गेले तर गाठ मारता येणार नाही, हेही तिला कळत होतं, म्हणून तर ती चिठ्ठीकडे बघत नव्हती.

नणंदेने चिठ्ठीचं बोलणं सोडलं. वहिनीला वाटलं, बरं झालं, कंटाळली.

तीन महिन्यांनी नव्या मालाच्या जुड्या आल्या. वहिनी डोळे मिटून बसली, नणंद एकेक जुडी हातात देत गेली. पास, पास, दोरा, पास. सातवी जुडी हातात आली तशी वहिनी थांबली.

"बांधलीय मात्र झकास. सगळी मुळं एका बाजूला. ज्याने बांधली त्याला हे काम येतं."

"हं," नणंद म्हणाली.

वहिनीने जुडी पुन्हा फिरवली. मग तिसऱ्यांदा. "पण केस बघा. एकाच डोक्यावरचे आहेत, तरी दहा जाड तर चार अगदी तान्ह्या बाळाच्या जावळासारखे. हे तेला-शाम्पूने होत नाही, वन्सं. ही बाई आतून बिघडलीय." तिने डोळे न उघडताच दोरा ओढून घेतला आणि गाठ मारली. "इतके दिवस हिच्या घरचे काय करत होते? कान धरून डॉक्टरकडे न्यायला कोणी नाही का हिला?"

नणंदेने हातातली आठवी जुडी टेबलावर ठेवली.

"आहे ना. नणंद आहे."

वहिनीने डोळे उघडले. जुडीत पंधरा-वीस पांढरे केस होते, आणि ते तिच्या ओळखीचे होते. तीन महिने नणंद रोज सकाळी वहिनीच्या फणीतलं गुंतवळ उचलत होती. ते धुऊन, सोडवून, गळलेले केस आहेत हे बोटांना कळू नये म्हणून मुळांची टोकं कापून तिने एकेक केस लावला होता. पुढच्या काउंटरवरची बाई, जिला कधी धड पुडी बांधता आली नव्हती.

"फसवलंत मला," वहिनी म्हणाली.

"फसवलं. आता दोरा सोड पाहू. निकाल फिरव."

वहिनीने दोऱ्याला हात लावला नाही. तिला राग आला होता, लाजही वाटत होती. मग तिने डबी उचलून खालची चिठ्ठी काढली आणि पर्समध्ये टाकली.

सकाळी उपाशी पोटी रक्त दिलं. साखर वाढली होती, बरीच वाढली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून आतपर्यंत पाहिलं. पडदा अजून स्वच्छ होता. अंधूक दिसत होतं ते साखर वरखाली होते म्हणून. आणखी दोन-तीन वर्षं अशीच काढली असती तर तो गेला असता, असं ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी टोप काढायला सांगितला. नणंदेसमोर तो कधी उतरला नव्हता. वहिनीने चिमटे सोडले आणि टोप मांडीवर ठेवला.

"हे कधीपासून?"

"आत्ताच," म्हणायला तिने तोंड उघडलं. मग म्हणाली, "आठ जाळ्या झाल्या. आठ वर्षं."

गोळ्या लिहून मिळाल्या, चालणं लिहून मिळालं, ताटात काय कमी करायचं तेही. साखरेमुळेही केस असे विरळ होतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते परत येतील की नाही, आज सांगता येणार नाही. डोळे मात्र राखता येतील.

दुकानात परतल्यावर नणंद ती जुडी कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाली. वहिनीने ती घेऊन खणात ठेवली, दोऱ्यासकट.

"आता काय तिची पूजा करणार आहेस?"

"असू दे. वन्सं, पुढच्या वर्षी अशीच एक जुडी घाला ढिगात."

"बरं."

"आणि मला सांगू नका."