वाळीतल्या बाईची टोपली

माझं नाव मैना. तोंड माझं पहिल्यापासून तिखट, हे आधीच सांगते, मागून कुणी बोटं मोडायला नको. माझ्या नवऱ्याचं नाव जगन. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नायत, पण तो गेल्यावर त्याचं नाव घेणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. म्हणून मी घेते.

पनवेलच्या बाजारापासून पायी दीड तासावर खाडीकाठी आमचं गाव. खाडी आणि भातशेती यांच्यामधे एक मातीचा बांध. तो हाय तोवर भात हाय. तो फुटून खारं पाणी आत शिरलं की दोन-तीन वर्षं जमिनीचं काय खरं नाय. म्हणून आमच्याकडं जोळ असते. बांधाला काय झालं की पत्र्याचा डबा बडवायचा, आणि ऐकल्याबरोबर दर घरचं एक माणूस टोपली घेऊन बांधावर हजर. मग ओळ धरायची आणि चिखलाची टोपली या हातातून त्या हातात द्यायची. घरात बाळंतीण असो, भावाभावांत मारामारी असो, जोळीला नाय म्हणायचं नाय.

फक्त माझं घर जोळीत नव्हतं. आमी वाळीत होतो.

झालं होतं असं. मिठागरात काम करून जगनच्या पायाला जखमा झाल्या. अंगारे झाले, कोंबडी झाली, पाय सडतच चालला. शेवटी मिशनच्या दवाखान्यात दोन महिने राहिला. पाय बरा झाला आणि माणूस येशूचा होऊन परत आला. मी आठ महिने त्याच्याशी भांडले. तो उलट बोलायचा नाय, म्हणून मला आणखीच राग यायचा. मग कधीतरी त्याच्या प्रार्थना ऐकता ऐकता माझंच मन वळलं, आणि नाताळात आमी दोघांनी पनवेलला बाप्तिस्मा घेतला.

जगनचा थोरला भाऊ काशीराम गावचा पंच. रक्ताचा भाऊ, पण त्यानंच गावकी बसवून आमाला वाळीत टाकलं. आमच्याशी जो बोलेल, जो आमाला पाणी-विस्तव देईल, आमच्या हातात काय ठेवील, त्याचं घरसुद्धा वाळीत.

पुढच्याच पावसाळ्यात जगनला ताप आला. चौथ्या दिवशी मला म्हणाला, "दादाला सांग, माझा राग नाय." आणि संध्याकाळी गेला. खांदा द्यायला गावातलं कुत्रं आलं नाय. पनवेलहून दयाराम मास्तर बैलगाडी घेऊन आले, ते आमच्या ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक. आमी दोघांनी त्याला उचलून गाडीत ठेवलं. काशीरामच्या दारावरून गाडी गेली तेव्हा तो अंगणात पाठ करून उभा होता. मला त्याची पाठच दिसली. तो निरोप मी गिळला. वाळीचं निमित्त होतं, पण खरं सांगू? मला तो द्यायचाच नव्हता. का द्यावा?

चार वर्षं गेली. माणसाचा आवाज नसला की काय होतं ते तुमाला नाय कळायचं. मी कोंबडीशी भांडायचे. कोंबडी मेली, मग चुलीशी. खेकडे पकडून पनवेलला विकायचे तर तिथं गिऱ्हाईक भाव करायचं, तेवढंच बोलणं. मी मुद्दाम भाव वाढवून सांगायचे, म्हंजे माणूस जास्त वेळ घासाघीस करील.

महिन्यातून एकदा मास्तर सायकलवर यायचे. म्हणायचे, "मैनाबाई, सोसा. येशूनं मार खाल्ला, पण तो हरला नाही. सोसण्यातूनच जय मिळतो."

"कसला जय, मास्तर? गाव जेवतंय-खातंय आणि मी भिंतीशी बोलतेय. याला जय म्हणतात होय?"

ते बिचारे चहा पिऊन जायचे. त्यांना मी एक सांगितलं नव्हतं. रोज गुडघे टेकून मी एकच मागत होते: देवा, काशीरामचं भात बुडव.

स्वराज्य येऊन नऊ वर्षं झाली होती, त्या सालातली ही सर्वपित्रीची अवस. घरोघरी वड्यांचा वास. डोक्यावर खेकड्यांनी भरलेला पत्र्याचा डबा आणि काखेत टोपली घेऊन मी बांधाकडं निघाले. काशीरामच्या अंगणात कावळ्यांसाठी पानं ठेवलेली दिसली. सासऱ्याचं एक, सासूचं एक. आणि तिसरं? त्या घरात तिसरं कोण मेलं होतं? माझ्या लक्षात आलं आणि अंगाचा तिळपापड झाला. ज्याला खांदा दिला नाय, त्याला वडे वाढतो होय रे मेल्या!

बांधावर पोचले तेव्हा दुपारची भरती चढत होती. अवसेचं उधाण. आणि काशीरामच्या शेताला लागूनच, खेकड्यानं पोखरलेल्या बिळातून पाणी आत येत होतं. मनगटाएवढी धार. बघता बघता मांडीएवढी झाली. पलीकडं भात फुलोऱ्याला आलेलं.

चार वर्षांची प्रार्थना माझ्या डोळ्यांसमोर फळाला आली होती. मी बांधावर फतकल मारून बसले. माझं शेत पडीकच होतं, माझं काय जाणार होतं? मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. हसलेसुद्धा. आणि हसल्यावर सवयीनं बाजूला वळले, जगनला दाखवायला. बाजूला कुणी नव्हतं. तो असता तर हसला असता काय? तो आत्तापर्यंत पाण्यात उतरला असता, तो गाढव!

मग मला येशूची आठवण झाली. त्याच्याकडं पण सगळ्यांनी पाठ केली होती. त्याच्या हातात होतं, एका शब्दात सगळ्यांना बुडवता आलं असतं. नाय बुडवलं. "तू आणि जगन, दोघं मला सुखानं राग पण धरू देत नाय," असं मी मोठ्यानं म्हणाले, आणि पदर खोचून पाण्यात उतरले.

टोपली भोकात कोंबली, वर चिखल लोटला. एकटीच्यानं कुठं जमतंय? हाक मारून उपयोग नव्हता. माझ्या हाकेला ओ देणारा वाळीत गेला असता. मी डब्यातले खेकडे खाडीत ओतले आणि डबा बडवायला लागले. डबा कुणी वाजवला ते गावाला थोडंच कळतं?

गाव धावत आलं. हातातोंडाला वड्याचं तेल तसंच. आले आणि मला बघून थबकले. मी छातीभर पाण्यात, भोकाला पाठ लावून उभी.

काशीराम बायकोला म्हणाला, "रंभे, तिला सांग बाहेर निघायला."

रंभा माझी जाऊ. ती म्हणाली, "मी कशी सांगू? बोललं की वाळीत."

"मग तू सांग रे!" त्यानं दुसऱ्याकडं बोट केलं. तो मागं सरकला. अख्ख्या गावात मला बाहेर निघ म्हणणारं कुणी नव्हतं! त्या पाण्यात मला हसू फुटलं. पाठीमागून माती सुटत होती. मी हलले असते तर खिंडार पडलं असतं, ते त्यांना दिसत होतं. ओळ लागली, टोपली हातोहात पुढं आली आणि रंभाच्या हातात अडली. पुढचे हात माझे होते.

पाणी गळ्याशी आलं.

काशीराम खाली उतरला. रंभाच्या हातातली टोपली त्यानं काढून घेतली आणि माझ्यापुढं धरली.

"घे गो, मैने."

मी घेतली. मग दुसरी, मग तिसरी. किती ते कुणी मोजलं नाय. ओहोटी लागली तेव्हा भोक बुजलं होतं.

सगळे पांगले. काशीराम चिखलात बसून राहिला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "चार वर्षं त्याचं पान ठेवतोय. कावळा शिवत नाय. कायतरी राहिलंय त्याचं माझ्याकडं."

कावळ्याबिवळ्यावर माझा इश्वास राहिला नव्हता. जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं झोंबणारं. पण मी म्हणाले, "भाऊजी, त्याचं काय राहिलं नाय. राहिलंय ते माझ्याकडं. जाताना म्हणाला होता, दादाला सांग, माझा राग नाय."

काशीराम वळला. चार वर्षांनी मी त्याचं तोंड नीट बघितलं. जगनसारखंच नाक, जगनसारखीच हनुवटी. लहान पोरासारखा तो रडायला लागला. "आगो, मग आधी का नाय सांगितलंस?"

"कारण माझा राग होता," मी म्हणाले.

घरी आले. अंगावरचा चिखल वाळला होता. चूल थंड, कोपऱ्यात जगनची काठी. मी दिवा लावला, गुडघे टेकले, आणि पहिल्यांदाच काय मागितलं नाय.

"सांगितलं रे," म्हणाले. "उशीर माझ्यानंच झाला. पण सांगितलं."