सिग्नलला न दिसलेली बग्गी

आमच्या ओहायोतल्या गावाबाहेर, हमरस्त्याच्या चौकात कॅमेऱ्याचा सिग्नल बसला आणि आमच्या रस्ते खात्याचा साहेब ग्रेडी हवेतच गेला. कॅमेऱ्याला गाडी दिसली तरच आडरस्त्याला हिरवा दिवा मिळायचा. महिन्याभरात अहवाल आला : आडरस्त्यावर खोळंबलेली वाहनं शून्य! ग्रेडीने बक्षिसासाठी नवा कोटसुद्धा शिवून घेतला.

शून्य कसलं डोंबलाचं! त्या रस्त्याला राहतात आमिश लोक, धर्म म्हणून मोटार न वापरता घोड्याच्या बग्गीतून फिरणारे. बग्गी काळी, चकाकीचं नाव नाही. कॅमेऱ्याला ती सावली वाटायची, आणि सावल्या मोजायच्या नाहीत हे कॅमेरा बसवताना मीच त्याला शिकवलेलं. हे लोक मागून एखादी मोटार येईपर्यंत गुमान उभे राहायचे. तक्रार करणं त्यांच्यात बसतच नाही.

त्यांच्यातल्या लीवाय ट्रॉयरला मात्र एका सकाळी थांबवेना. बायकोला, फॅनीला कळा सुरू झालेल्या आणि सुईण हमरस्त्याच्या पलीकडे. चाळीस मिनिटं लाल दिवा बघून शेवटी त्याने घोडा हाकला, तर पलीकडे पोलीस उभा. कळा त्या दिवशी थांबल्या. पण दिवस भरलेले, पुन्हा कधीही धावावं लागणार होतं.

कोर्टात ग्रेडीने नोंद पुढे केली. "मॅडम, त्या वेळी तिथे एकही वाहन नव्हतं. आमचं यंत्र चुकत नाही."

न्यायाधीशबाईंना हसू आलं. "मग लाल दिवा तोडला कुणी? जा ट्रॉयर, तुम्ही सुटलात."

ग्रेडीबरोबर आलेला मी लीवायच्या कानाशी लागलो, "अरे बाबा, गप्प बस नि चल!"

तो टोपी हातात फिरवत उभाच. "नाही बाई, मी होतो तिथे. मी नव्हतोच असं लिहिलंत, तर सिग्नल तसाच राहील. मग सुईण कशी आणू?"

बाईंनी नाइलाजाने दंड ठोठावला. "आणि ग्रेडी, तुमचं यंत्र?"

"यंत्र बरोबरच आहे, मॅडम. बग्गीचा रंग चुकलाय."

सावल्यांचं खरं कारण मला माहीत होतं. लाज वाटली, पण नोकरीच्या भीतीने मी तोंडातून ब्र काढला नाही.

त्याच दुपारी मात्र चौकात जाऊन मी कॅमेऱ्याला सावल्याही मोजायला लावलं. आता ढग आला तरी आडरस्त्याला हिरवा मिळतो आणि हमरस्त्यावरचे ट्रकवाले शिव्या घालतात. घालोत!

मंगळवारी सुईण वेळेवर पोचली. मुलगी झाली. कोर्टाच्या दप्तरात गुन्हेगार एकच आहे, लीवाय ट्रॉयर. माझं नाव कुठेच नाही.