थोरलीचा कॉम्प्युटर

त्या घरात कॉम्प्युटर एकच होता आणि तो थोरल्या सुनेचा होता. पैसे कुणी का भरले असेनात, अडलं की हाक तिलाच. "वहिनी, जरा बघता का?" दीर ओरडायचा. "अगं, हे बघ काय विचारतंय," सासूबाई बोलवायच्या. थोरली हात पुसत यायची, "काय उद्योग करून ठेवलेत?" म्हणायची आणि चार बटणं दाबून बिघाड घालवायची. लग्न होऊन आली तेव्हा या घरात तिला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. तिला जागा मिळवून दिली ती या खुर्चीनं.

सासूबाई विणकामाचा वर्ग घ्यायच्या. स्वेटरवरची नक्षी पूर्वी त्या चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं एकेक घर भरून काढत. थोरलीनं त्यांना दाखवलं, की हिशेबाच्या प्रोग्रॅममध्येही अशीच घरं असतात. एक घर म्हणजे एक टाका, रंग भरायचा आणि छापायचं. सत्तरीची बाई एका बोटानं हरणं नि पानं रंगवायला लागली! कुणी कौतुक केलं की म्हणायच्या, "आमच्या थोरलीनं शिकवलं हो." तेवढं ऐकलं की थोरलीला दिवसभर दुसरं काही लागत नसे.

मग धाकटी जाऊ आली.

वाईट होती म्हणावं तर तसंही नाही, हीच तर पंचाईत. ऑफिसातून दमून यायची, तरी हसतमुख. जुन्या प्रोग्रॅमची मुदत संपली होती आणि उघडला की तो पैशांसाठी मागे लागायचा. ते बघून ती म्हणाली, "आई, फुकटातला चांगला मिळतो की. घालून देऊ?"

"फुकटचं ते फुकटचंच," थोरली म्हणाली. "जुन्या नक्ष्या त्यात उघडणार आहेत का?"

उघडल्या. पण घरं उभट झाली होती आणि हरणाचा पार उंट झाला होता. थोरलीला आतून अशा उकळ्या फुटल्या म्हणता! "बघा, मी सांगत नव्हते?"

"रुंदी बदलली की झालं, ताई," धाकटी म्हणाली. तिनं सगळी घरं एकदम निवडली, एक आकडा टाकला आणि उंटाचं परत हरीण केलं. सासूबाईंनी टाळी वाजवली. टाळी! थोरलीसाठी त्यांनी आजवर कधी वाजवली नव्हती.

नव्याचे नऊ दिवस, असं मनाला बजावत थोरली वाट बघत राहिली. दहावा काही उजाडेना. दीर आता बायकोला हाक मारायचा. तिचा स्वतःचा नवरासुद्धा एकदा म्हणाला, "राहू दे, धाकटी आली की बघेल." त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं आणि कुणाची ब्र काढायची छाती झाली नाही.

एका दुपारी धाकटी ऑफिसात होती, सासूबाई जरा आडव्या झाल्या होत्या. थोरली खुर्चीत बसली. सेटिंगमधला प्रिंटर बदलून तिनं अशी सोय केली, की छापा म्हटलं की कागद येऊच नये, नुसती फाइल कुठे ठेवू म्हणून विचारणा व्हावी. संध्याकाळी सासूबाईंनी छापायला घेतलं आणि हाक आली. थोरली हात पुसत गेली आणि क्षणात कागद बाहेर काढला. "या नव्या प्रोग्रॅमचं हे असंच," ती म्हणाली.

"तू होतीस म्हणून बाई," सासूबाई म्हणाल्या. काय गोड वाटलं तिला!

चटकच लागली. पुढच्या आठवड्यात तिनं माऊसची डावी-उजवी बटणं उलटी केली. तेव्हाही हाक आली, तेव्हाही कौतुक झालं. मग एक दिवस तिनं पडद्यावरचे सगळे आयकॉन लपवून टाकले, नुसता निळा पडदा ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन कान टवकारून बसली.

हाकच येईना.

शेवटी तीच बाहेर आली. सासूबाई पडद्यासमोर हात मांडीवर टाकून बसल्या होत्या. धाकटी नुकतीच आली होती, खांद्याची पिशवीही न उतरवता त्यांच्याशेजारी वाकून उभी होती.

"सगळं गेलं गं," सासूबाई म्हणत होत्या. "मीच पुसलं असणार. परवा ते बटणांचं, त्याआधी छापायचं. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू विसरायची, मग आम्हालाच ओळखेना. मी वर्ग बंद करते. बायकांना काय भलतंसलतं शिकवून बसेन."

हे थोरलीच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आई, तुमचं काही चुकलेलं नाही," धाकटी म्हणाली. "माझाच प्रोग्रॅम गंडलाय. काढून टाकते मी. ताई जुना घालून देतील, त्यांचंच बरोबर होतं."

घ्या! थोरलीला हवं होतं ते पदरात पडलं होतं. पण सासूबाईंनी धाकटीच्या गालावरून हात फिरवला. "किती मोठ्या मनाची गं तू," त्या म्हणाल्या.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉम्प्युटर हिचा, टाळ्या हिच्या आणि आता मोठं मनही हिचंच?

"तिचं काही चुकलेलं नाही!" ती ओरडलीच. "मी केलंय हे. प्रिंटर मी बिघडवला, माऊस मी, आणि हे आयकॉनही मीच लपवलेत." तिनं पुढे होऊन दोनदा क्लिक केलं आणि हरणापानांसकट सगळं जागच्या जागी आलं. तिला पश्चात्ताप झाला होता का? झाला होता, नाही कशाला म्हणा. पण तोंड उघडलं ते जळफळाटानंच.

सासूबाई तिच्याकडे वळल्या. "म्हणजे मी विसरत नाहीये?"

"नाही, आई."

त्या लहान मुलीसारख्या रडल्या. थोरलीही रडली. सासूबाई रागावल्या नाहीत, तेव्हा तिला वाटलं, सुटले.

मग त्यांनी डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. "याला कुलूप घालता येतं ना? कसं घालायचं?"

"मी दाखवते," थोरली लगबगीनं म्हणाली.

"तू नको."

धाकटीनं जागा दाखवली. "आता इथे कुणालाही न सांगता शब्द टाका, आई."

"टाकते. दोघीही तिकडे तोंड करा."

दोघी जावा भिंतीकडे तोंड करून शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. मागे एका बोटाची टकटक सुरू झाली. थोरलीनं हळूच डोळ्याच्या कोपऱ्यातून धाकटीकडे पाहिलं, ही चोरून बघतेय की काय म्हणून. तिनं तर डोळेसुद्धा मिटून घेतले होते.